काकूचा ओटा आणि गायगर काउंटर : ‘सापडलं’ असं कधी म्हणायचं?



पीएचडीच्या पहिल्या वर्षातली गोष्ट आहे. दिवाळीला गावी गेले होते. सोबत एक छोटा गायगर काउंटर होता. लॅबमधला नव्हे, किटमधून स्वतः जोडलेला, बोटाएवढ्या काचेच्या ट्यूबचा. घरात कौतुक झालं, सगळ्यांनी त्याची टिकटिक ऐकली. मग मी तो काकूच्या नव्या ओट्यावर ठेवला. काळ्या-लाल ठिपक्यांचा ग्रॅनाइट, सहा महिन्यांपूर्वीच बसवलेला. एक मिनिट मोजलं आणि २५ काउंट आले. बाहेर पडवीत मोजले होते तेव्हा १८ होते.

मी ऐटीत म्हणाले, “काकू, तुझा ओटा किरणोत्सारी आहे!” एवढ्यावर थांबले नाही. फोटो काढून घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला, खाली आकडा लिहिला. संध्याकाळपर्यंत तीन नातेवाइकांचे फोन आले. रात्री काकू हळूच विचारत होती, “अगं, मग काढून टाकायचा का? हप्ते अजून चालू आहेत त्याचे.”

मला हसू आलं नाही. कारण तोपर्यंत मी माझ्या गाइड मॅडमनाही तोच फोटो पाठवला होता आणि त्यांचं उत्तर आलं होतं. दोनच ओळी होत्या : “बॅकग्राउंड किती वेळ मोजलंस? आणि ओट्यावर किती वेळा मोजून २५ आले?”

खरं उत्तर असं होतं : बॅकग्राउंड एकच मिनिट. ओट्यावर तीन वेळा मोजलं होतं. आकडे आले होते १९, २५ आणि २१. मी २५ निवडला.

आजचा लेख या उत्तराबद्दल आहे. सौम्य किरणोत्सारी खनिजं शोधणं आणि मोजणं हा जगभर अनेकांचा घरगुती छंद आहे. पण तुमच्यापैकी जे पेट किंवा नेट-सेटची तयारी करताय, संशोधनात यायचं म्हणताय, त्यांच्यासाठी हा छंद म्हणजे ‘मापन म्हणजे काय’ याची सगळ्यात स्वस्त शाळा आहे. कारण इथे तुम्ही जे शोधताय ते जवळजवळ नेहमी गोंगाटात बुडालेलं असतं.

टिकटिक नक्की कशाची असते?

गायगर-म्युलर ट्यूब म्हणजे कमी दाबाच्या वायूने भरलेली नळी, तिच्यात मधोमध एक तार. तार आणि भिंत यांच्यात साधारण ४०० व्होल्टचा दाब दिलेला असतो. बाहेरून एखादा ऊर्जावान कण आत शिरला की तो वायूच्या अणूंमधून इलेक्ट्रॉन मोकळे करतो. ते तारेकडे धावताना आणखी इलेक्ट्रॉन मोकळे करतात आणि क्षणभर नळीतून विजेचा एक ठोका जातो. ती टिक.

ट्यूब फक्त ‘काहीतरी आलं’ एवढंच सांगते. काय आलं, कुठून आलं, किती ऊर्जेचं होतं, यातलं काहीच सांगत नाही. युरेनियममधून आलेला कण आणि अवकाशातून आलेला वैश्विक किरण, दोघांची टिक सारखीच.

दुसरं म्हणजे सगळे कण आत पोचतही नाहीत. अल्फा कण कागदानेही अडतात, त्यामुळे काचेच्या किंवा धातूच्या भिंतीच्या स्वस्त ट्यूबला ते दिसतच नाहीत. त्यासाठी पातळ अभ्रकाची खिडकी असलेली महाग ट्यूब लागते. बीटा कणांपैकी बरे ऊर्जावान तेवढे आत येतात. गॅमा किरण आत येतात, पण बहुतेक काही न करता आरपार निघून जातात. म्हणजे तुमचं उपकरण निम्म्याहून जास्त गोष्टींना बहिरं आहे, हे आधीच मान्य करायचं.

कोणती खनिजं, आणि आपण त्यांतली कोणती हाताळायची?

या छंदाचं माहेर युरोप-अमेरिकेत. चेक प्रजासत्ताकातलं याखिमोव्ह, जर्मन नाव योआखिमस्टाल, हे तर या विषयाचं तीर्थक्षेत्रच. तिथल्या खाणीतून निघालेल्या पिचब्लेंडमधूनच मेरी आणि पिएर क्युरींनी रेडियम वेगळं काढलं. तिकडचे संग्राहक पिवळट-हिरवं ऑट्युनाइट, गडद हिरवं टॉर्बर्नाइट, काळंभोर युरेनिनाइट डबीत ठेवतात, नोंदी करतात, एकमेकांना दाखवतात.

आपल्याकडे चित्र वेगळं आहे. युरेनियम आणि थोरियमची खनिजं अणुऊर्जेच्या कायद्याच्या कक्षेत येतात. केरळच्या चवरा किनाऱ्यावरच्या वाळूतलं मोनाझाइट हे तर त्यात नाव घेऊन आलेलं आहे. त्यामुळे ‘सहलीला गेलो आणि बाटलीभर काळी वाळू घेऊन आलो’ किंवा झारखंडमधल्या जादूगोडाच्या बाजूचा दगड उचलून आणला, असले प्रकार करायचे नाहीत. परदेशी वेबसाइटवरून युरेनियमचा नमुना मागवायचा नाही. भंगारातून ‘किरणोत्सारी’ म्हणून काही विकत घ्यायचं तर अजिबात नाही. २०१० साली दिल्लीत मायापुरीच्या भंगार बाजारात कोबाल्ट-६० असलेलं जुनं उपकरण फोडलं गेलं आणि त्यात एक माणूस दगावला. दगडातला किरणोत्सार आणि असा औद्योगिक स्रोत यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तो फरक डोळ्यांना दिसत नाही.

जाता जाता : नंबरप्लेटवर आपण ‘रेडियम’ लावून घेतो त्यात रेडियम नसतं. तो प्रकाश परत फेकणारा साधा स्टिकर आहे. रेडियम खरोखर असायचं ते जुन्या घड्याळांच्या चकाकत्या काट्यांवर. शब्द मागे राहिला, पदार्थ गेला.

मग उरलं काय? उरलं ते पोटॅश, आणि आपल्या कामाला ते पुरेसं आहे.

कृषी सेवा केंद्रात मिळणारं म्युरेट ऑफ पोटॅश, पोत्यावर ०-०-६० लिहिलेलं, हे मुळात सिल्व्हाइट नावाचं खनिज आहे : पोटॅशियम क्लोराइड. प्राचीन समुद्र आटून तयार झालेल्या थरांमधून कॅनडा, रशिया, बेलारूस इथे ते खणून काढतात. निसर्गातल्या कुठल्याही पोटॅशियममध्ये दर दहा हजार अणूंमागे एकाहून थोडे जास्त अणू पोटॅशियम-४० चे असतात. त्याचं अर्धायुष्य सुमारे १२५ कोटी वर्षं. पृथ्वी तयार झाली तेव्हाचा साठा अजून संपलेला नाही. एक ग्रॅम नैसर्गिक पोटॅशियममध्ये दर सेकंदाला साधारण ३१ विघटनं होतात, म्हणजे ३१ बेकेरेल. तुमच्या-माझ्या अंगात जवळपास १४० ग्रॅम पोटॅशियम असतं. हिशोब करा, चार हजारांच्या वर विघटनं दर सेकंदाला, आत्ता, हे वाचताना.

आपल्या दख्खनच्या बेसॉल्टमध्ये युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम तिन्ही कमी. जळगाव, नाशिक, पुणे भागातल्या खाणींमधून निघणारे अपोफिलाइट आणि स्टिल्बाइटचे स्फटिक जगभरचे संग्राहक जपून ठेवतात, पण काउंटरपुढे ते जवळजवळ गप्पच. अपोफिलाइटमध्ये वजनाच्या सुमारे ४ टक्के पोटॅशियम असतं, म्हणजे ग्रॅमला जेमतेम सव्वा बेकेरेल. दक्षिणेकडचा ग्रॅनाइट मात्र तिन्ही मूलद्रव्यांनी तुलनेने संपन्न. काकूचा ओटा तिकडूनच आलेला.

बॅकग्राउंड : काहीच नसताना येणाऱ्या टिक्स

समोर काहीही ठेवलं नाही तरी काउंटर टिकटिकतो. जमीन, भिंती, हवेतला रेडॉन, वरून येणारे वैश्विक किरण, सगळ्यांचा मिळून तो हिशोब असतो. माझ्या ट्यूबला मिनिटाला साधारण १८ येतात. तुमच्या ट्यूबला वेगळे येतील.

नवशिके इथेच घसरतात. बॅकग्राउंड हा ‘एक आकडा’ आहे असं आपण धरतो, पण तो जागेनुसार बदलतो, वेळेनुसार बदलतो. पडवी आणि स्वयंपाकघर सारखं नाही : भिंतीवरच्या टाइल्स, विटा, बंद खोलीत साठलेला रेडॉन, सगळं वेगळं. मी पडवीतले १८ आणि स्वयंपाकघरातले २५ यांची वजाबाकी केली, म्हणजे दोन घरांची वजाबाकी केल्यासारखंच.

वर्गमूळाचा नियम

आता मुख्य मुद्दा. किरणोत्सारी विघटन यादृच्छिक असतं. कोणता अणू कधी फुटेल याचा नेम नाही. त्यामुळे सगळं जसंच्या तसं ठेवून पुन्हा मोजलं तरी आकडा बदलणारच. किती बदलेल याचा मात्र नियम आहे : एकूण काउंट जितके, त्यांच्या वर्गमूळाइतका चढउतार अपेक्षित धरायचा. १०० काउंट असतील तर १० चा चढउतार. शंभर वेळा मोजलंत तर साधारण ६८ वेळा आकडा ९० ते ११० च्या दरम्यान येईल, आणि बाकीच्या वेळी त्याच्याही बाहेर.

हा नियम माझ्या ओट्याला लावा. १८ ची अनिश्चितता ४ च्या थोडी वर, २५ ची ५. फरक ७. दोन आकड्यांच्या फरकाची अनिश्चितता काढायची तर दोन्ही काउंट मिळवून वर्गमूळ घ्यायचं : १८ अधिक २५ म्हणजे ४३, त्याचं वर्गमूळ ६.६. म्हणजे माझं निरीक्षण होतं ७ ± ६.६.

शब्दांत सांगायचं तर, ‘कदाचित काहीतरी आहे, कदाचित काहीच नाही’. एवढ्याशा गोष्टीवर मी काकूची झोप घालवली होती.

‘सापडलं’ म्हणण्यासाठी निदान किती फरक हवा, याचं उत्तर लॉइड करी या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने १९६८ साली नीट मांडलं. बॅकग्राउंड आणि नमुना सारखाच वेळ मोजला असेल, तर बॅकग्राउंडच्या काउंटचं वर्गमूळ घ्या आणि २.३३ ने गुणा. फरक याच्या वर गेला तरच ‘आहे’ म्हणा. तरीही शंभरात पाच वेळा तुम्ही नसलेल्याला ‘आहे’ म्हणाल, तेवढी चूक या नियमात मान्य केलेली आहे. १८ साठी ही मर्यादा येते ९.९. माझा फरक ७. पहिल्याच पायरीला नापास.

आणि आठवा, तो ७ देखील तीन आकड्यांतला सगळ्यात मोठा निवडून मिळवलेला. १९, २५ आणि २१ यांची सरासरी २१.७ येते. मी दोन खरी मापनं फेकून दिली होती, कारण ती मला हव्या असलेल्या गोष्टीला साजेशी नव्हती. त्या वेळी मला ती फसवणूक वाटलीच नाही. वाटलं, ‘२५ वालं मोजमाप जरा नीट झालं’. लक्षात ठेवा, संशोधनात स्वतःला फसवणं असंच होतं, मोठा कट वगैरे करून नाही.

आधी पोटॅशवर हात बसवला

मॅडम म्हणाल्या, “ओट्याचं नंतर. आधी जिथे आहे हे नक्की माहीत आहे, तिथे तुझ्या काउंटरला दिसतं का ते बघ.” काकांच्या उसासाठी आणलेलं पोटॅश गोठ्याशेजारच्या खोलीत होतंच. हा प्रयोग तुम्हीही करू शकता :

१. १०० ग्रॅम पोटॅश प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा. दुसऱ्या तशाच पिशवीत १०० ग्रॅम साधं मीठ. मिठात सोडियम क्लोराइड असतं, दिसायला-वजनाला जवळचं, पण पोटॅशियम जवळजवळ नाही. याला म्हणतात ‘ब्लँक’. नुसत्या रिकाम्या जागेशी तुलना पुरत नाही, कारण समोर ठेवलेली कोणतीही वस्तू बॅकग्राउंड थोडंफार अडवते.

२. ट्यूबची जागा पक्की करा. टेबलावर पेन्सिलने खूण करा. पिशवी प्रत्येक वेळी त्याच खुणेवर.

३. किती वेळ मोजायचं ते आधीच वहीत लिहा. मी प्रत्येकी १० मिनिटं लिहिलं. आकडा आवडला म्हणून आधी थांबायचं नाही, नाही आवडला म्हणून पुढे रेटायचं नाही.

४. पिशव्या कागदात गुंडाळून दुसऱ्या कुणाला तरी ‘अ’ आणि ‘ब’ लिहायला सांगा. माझ्या चुलत भावाने हे काम केलं. कोणती कोणती हे मोजून झाल्यावरच विचारायचं.

‘अ’ चे १० मिनिटांत १८३ काउंट आले, ‘ब’ चे ४०२. फरक २१९, अनिश्चितता २४. फरक अनिश्चिततेच्या नऊपट. इथे शंकेला जागाच नाही : ‘ब’ म्हणजे पोटॅश. भावाने मान हलवली आणि मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की ‘सापडलं’ म्हणजे काय वाटतं.

पण वही बंद करू नका. १०० ग्रॅम पोटॅशमध्ये साधारण ५० ग्रॅम पोटॅशियम, म्हणजे सेकंदाला दीड हजाराच्या वर विघटनं, मिनिटाला नव्वद हजारांहून जास्त. माझ्या ट्यूबने त्यातली पकडली किती? मिनिटाला २२. चार हजारांत एक! बाकीची गेली कुठे? बहुतेक बीटा कण पोटॅशच्या ढिगातच अडले, कारण दोन-तीन मिलिमीटरपेक्षा खोलवरून ते बाहेरच येत नाहीत. उरलेले चहूदिशांना गेले, ट्यूबकडे थोडेच. गॅमा किरण आले ते बहुतेक आरपार गेले. ‘उपकरणाने काय दाखवलं’ आणि ‘खरोखर किती आहे’ यांच्यात हे अंतर असतं. त्याला डिटेक्टरची कार्यक्षमता म्हणतात आणि पीएचडीतली कित्येक वर्षं तीच मोजण्यात जातात. केळ्यात पोटॅशियम असतं म्हणून जळगावचं केळं काउंटरपुढे धरून काही दिसत नाही, त्याचं कारणही हेच : केळ्याचे सुमारे १५ बेकेरेल, आणि त्यांतला चार हजारांतला एक.

मग ओट्याकडे

ओट्यावरच मोजायचं तर मागच्या टाइल्स आणि खालची भिंतही मोजली जाणार. नशिबाने सिंकसाठी कापलेला ग्रॅनाइटचा तुकडा परसात पडून होता. तो धुऊन घेतला. तुलनेसाठी काकूचा जुना पाटा घेतला, तो आपल्या काळ्या बेसॉल्टचा. ट्यूब टेबलावर एकाच जागी. तीन स्थिती : काहीच नाही, ग्रॅनाइट, पाटा. प्रत्येकी १० मिनिटं, मग पुन्हा पहिल्यापासून, अशा सहा फेऱ्या. आलटूनपालटून मोजायचं कारण असं की दिवस चढताना खोलीतला रेडॉन बदलतो. सगळं बॅकग्राउंड सकाळी आणि सगळा ग्रॅनाइट दुपारी मोजला, तर सकाळ-दुपारचा फरक ग्रॅनाइटच्या नावावर जमा होईल.

तीन तास लागले. प्रत्येकी ६० मिनिटांचे आकडे असे :

काहीच नाही : १०८६
पाटा : १०७४
ग्रॅनाइट : १२७८

पाट्याचा फरक उणे १२, अनिश्चितता ४६. म्हणजे माझ्या उपकरणाला पाट्यात काही दिसलं नाही. ‘पाट्यात किरणोत्सार नाही’ असं मी म्हणू शकत नाही. ‘माझ्या मर्यादेच्या खाली आहे’ एवढंच म्हणू शकते. ही दोन वाक्यं वेगळी आहेत, आणि तोंडी परीक्षेत याच फरकावर मुलं अडकतात.

ग्रॅनाइटचा फरक १९२, अनिश्चितता ४९. करीची मर्यादा इथे ७७ येते, आपण तिच्या बरंच वर आहोत. म्हणजे ग्रॅनाइटमुळे मिनिटाला ३.२ ± ०.८ काउंट जास्त येतात. आहे, नक्की आहे.

म्हणजे मी पहिल्या दिवशी जे म्हणाले ते बरोबरच होतं की! हो. पण ते मला माहीत नव्हतं. मी ७ म्हणाले होते, निघाले ३.२. उत्तर जुळणं आणि पुरावा असणं यांत जो फरक आहे, त्यासाठीच तुम्ही पाच वर्षं देणार आहात.

गूढ नेहमी फरकात सापडतं

ही नुसती घरगुती गंमत नाही. १८९६ साली हेन्री बेकेरेलला वाटत होतं की सूर्यप्रकाशात ठेवलेले युरेनियमचे क्षार चमकतात आणि त्या चमकण्यातून किरण निघतात. पॅरिसमध्ये ढगाळ दिवस आले, प्रयोग थांबला, क्षार आणि फोटोची काच ड्रॉवरमध्ये पडून राहिली. १ मार्चला त्याने ती काच तशीच धुतली. ठसा अस्पष्ट असेल अशी अपेक्षा होती, तो ठळक निघाला. ऊन नव्हतं, तरी किरण होते. न कळत त्याने ‘ऊन नसलेला’ ब्लँक करून ठेवला होता.

(म्हणूनच अतिनील दिव्याखाली दगड चमकला म्हणजे तो किरणोत्सारी असं समजू नका. कॅल्साइट आणि फ्लुओराइटही चमकतात. ऑट्युनाइट चमकतं आणि किरणोत्सारीही असतं, पण त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.)

दोन वर्षांनी मेरी क्युरींनी एकेक खनिज मोजायला घेतलं. पिचब्लेंडचे काही नमुने शुद्ध युरेनियमपेक्षा तिपटीहून जास्त सक्रिय निघाले. खनिजात युरेनियम तर शुद्धपेक्षा कमीच असणार! मग त्यांनी चाल्कोलाइट, म्हणजे आजचं टॉर्बर्नाइट, प्रयोगशाळेत स्वतः तयार केलं. नैसर्गिक चाल्कोलाइट युरेनियमहून दुप्पट सक्रिय, घडवलेलं मात्र नाही. घटक तेच, मग फरक कशाचा? खनिजात आणखी काहीतरी आहे. त्या ‘काहीतरी’ची नावं १८९८ मध्येच ठरली : पोलोनियम आणि रेडियम. काम झालं ते मोठ्या आकड्याने नव्हे, योग्य ब्लँकने.

तीन वेगळे प्रश्न

काकूचा प्रश्न अजून शिल्लक होता : ओटा काढायचा का?

माझी मूळ चूक आकड्यापेक्षा खोल होती. मी तीन प्रश्न एकत्र कालवले होते. आहे का? किती आहे? त्याने काही बिघडतं का? ‘आहे का’ याचं उत्तर तीन तासांत मिळालं. ‘किती’ साठी कार्यक्षमता मोजावी लागते. आणि त्यात युरेनियम किती, थोरियम किती, हे विचारायचं तर गायगर नव्हे, सोडियम आयोडाइडच्या स्फटिकासारखा डिटेक्टर लागतो, जो गॅमाची ऊर्जाही सांगतो : पोटॅशियम-४० ची रेषा १४६० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टला, थोरियमच्या साखळीतल्या थॅलियमची २६१४ ला.

स्वस्त काउंटर पडद्यावर मायक्रोसिव्हर्टमध्ये आकडा दाखवतात, त्यावर विसंबू नका. तो आकडा बहुधा सीझियम-१३७ च्या गॅमासाठी बसवलेल्या गुणकातून येतो. खनिजातून बीटा आत आले की तो उगाच फुगतो.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझा काउंटर देऊच शकत नाही, ते तुलनेतून येतं. जगात सरासरी माणसाला नैसर्गिक स्रोतांकडून वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट डोस मिळतो. केरळच्या करुनागप्पल्ली भागात मोनाझाइटमुळे काही ठिकाणी तो याच्या कितीतरी पट आहे आणि तिथल्या लोकांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करून २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्या किरणोत्सारामुळे कर्करोग वाढल्याचं दिसलं नाही. काकूच्या ओट्याला चिकटून ठेवलेल्या ट्यूबमध्ये फरक पडला तो बॅकग्राउंडच्या सहाव्या हिश्शाएवढा, आणि काकू काही ओट्याला चिकटून झोपत नाही. ग्रॅनाइटी भागात राहणारी लाखो माणसं याहून वेगळ्या स्थितीत नाहीत.

पावसाळ्यासाठी एक प्रयोग

जून येतोय, म्हणून हा देऊन ठेवते. हवेतल्या रेडॉनपासून तयार झालेले शिसे आणि बिस्मथचे अल्पायुषी अणू पावसाबरोबर खाली येतात. बऱ्याच दिवसांनी जोरदार सर आली की ती ओसरल्याबरोबर गाडीच्या बॉनेटवरचं पाणी टिश्यू पेपरने पुसा (विजा कडाडत असतील तर घरातच थांबा). कागद पातळ पिशवीत घालून ट्यूबला टेकवा आणि दर ५ मिनिटांचे काउंट दीड-दोन तास लिहीत राहा. आकडे साधारण अर्ध्या तासात निम्म्यावर येत येत बॅकग्राउंडला टेकतील. कोरड्या बॉनेटवर पुसलेला कागद हा तुमचा ब्लँक. अर्धायुष्याचा आलेख पुस्तकात शंभरदा पाहिला असेल, स्वतःच्या वहीत एकदा काढून बघा.

हाताळताना

घरात जुना पेट्रोमॅक्सचा मेंटल असेल तर त्यात थोरियम असू शकतं. तो चुरगाळू नका, त्याची धूळ नाकात जाऊ देऊ नका. कुठलाही नमुना कापू, घासू, कुटू नका. कॉलेजच्या संग्रहात युरेनियमचं खनिज असेल तर ते शिक्षकांसमोरच पाहा, हात धुवा, तिथे काही खाऊ नका. बाहेरून थोडा किरणोत्सार पडणं आणि धूळ शरीरात जाणं यांत दुसरं जास्त वाईट. आणि काउंटर स्वतः जोडत असाल तर ४०० व्होल्टचा झटका खनिजापेक्षा आधी बसेल, तेवढं सांभाळा.

शेवटी

भाऊबीजेच्या आदल्या रात्री मी ग्रुपवर दुसरा मेसेज टाकला. त्यात तिन्ही पहिले आकडे लिहिले, नंतरचे ६० मिनिटांचे लिहिले, आणि ‘मी एका मिनिटाच्या आकड्यावरून बोलले, ते चुकलं’ असंही लिहिलं. पहिल्या मेसेजला बावीस जणांनी अंगठे दिले होते, दुसऱ्याला तिघांनी. दुरुस्ती बातमीएवढी फिरत नाही, हेही त्याच दिवाळीत शिकले. म्हणून बातमी देण्याआधी थांबायचं.

काकूला मी वही दाखवली. तिने आकड्यांवरून नजर फिरवली आणि विचारलं, “म्हणजे पाट्यात काहीच नाही?”

“माझ्या काउंटरला दिसलं नाही, काकू.”

“हां,” ती म्हणाली, “असं नीट सांगावं माणसानं.” आणि ओट्यावर करंज्या लाटायला घेतल्या.